सर हरवले तेव्हा मी स्टुडिओत होते

त्या दिवशी कार्यक्रमात मी एकही गाणं लावलं नाही. सगळं त्यातून झालं. पोलिसांना, मुलाला, शेजारच्या वहिनींना, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी हे सांगितलं, आणि कुणालाच त्याचा अर्थ कळला नाही. गाण्याचा काय संबंध, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. म्हणून आधी सगळं नीट सांगते.

आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र बुऱ्हानपूरच्या लालबाग भागात आहे. दोन खोल्या. आतल्या खोलीत स्टुडिओ, बाहेरच्या खोलीत टेबल, फोन आणि पाहुण्यांसाठी एक बाक. मधल्या भिंतीत काच. आवाज कोंडावा म्हणून स्टुडिओच्या भिंतींना आम्ही जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या, त्यातल्या दोन माझ्या घरच्या. केंद्र चालवणारे प्रभारी चाळिशीचे, मी त्यांना भैया म्हणायची, ते मला काकी. बाकी आम्ही सगळे स्वयंसेवक. पगार नाही, हजेरी नाही. आठवड्यातून चार दिवस अकरा ते बारा बायकांचा कार्यक्रम माझा. फोनवर बायका बोलायच्या, मराठीत, हिंदीत, खानदेशीत, तोंडाला येईल तशा, आणि मीही तशीच उत्तर द्यायची. आवाजाच्या मिक्सरची बटणं सरकवायला मी पंचावन्नाव्या वर्षी शिकले. संसारात पहिल्यांदाच काहीतरी निव्वळ माझं होतं.

मी रेडिओवर जायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात छातीशी आखडला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि वाचा गेली. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. आमचा सगळा बुधवारा मोहल्ला त्यांना सर म्हणायचा. त्यांच्या तोंडात दोनच शब्द उरले. ‘हो ना.’ चहा हवा? हो ना. नको का मग? हो ना. दुखतंय का, हो ना. बरं वाटतंय का, हो ना. सुरुवातीला मी हसायचे. मग एकदा त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि हसायचं बंद केलं. चुकीचं उत्तर दिलंय हे त्यांना कळत असायचं, पण दुसरं तोंडातून निघत नव्हतं.

इंदूरच्या एका बाईंनी, त्या बोलण्याचे व्यायाम घेतात, मला सांगितलं होतं, की जे लहानपणापासून तोंडपाठ असतं ते कधीकधी आपोआप येतं. पाढे म्हणून बघा. आयुष्यभर ह्यांनी मुलांना पाढे हिंदीत शिकवले होते, ते काही आले नाहीत. आले ते त्यांच्या आईने अंगणात बसवून पाठ करून घेतलेले मराठी पाढे. मी म्हणायचं, ‘तेरा दुणे’ आणि थांबायचं. ओठ हलायचे, आणि स्वच्छ आवाजात यायचं, ‘सव्वीस.’ रोज सकाळी आंघोळीनंतर आम्ही एवढंच बोलायचो. त्यापलीकडे वीस आणि सहा किती विचारलं तरी, हो ना.

घरी दुसरं कुणी नव्हतं. मुलगा पुण्याला. म्हणून मी ह्यांना रिक्षात बसवून सोबत नेत होते. ते बाहेरच्या बाकावर बसायचे. भिंतीवरच्या स्पीकरमधून माझा आवाज त्यांना ऐकू यायचा. मी काचेतून बघायची, आणि दर दहा-बारा मिनिटांनी एक गाणं लावून बाहेर जाऊन त्यांना पाणी द्यायची. माझ्या कार्यक्रमात गाणी त्यासाठी असायची.

त्या दिवशी भैयांना वीज कार्यालयात जायचं होतं. दार ओढता ओढता ते म्हणाले, “काकी, अर्ध्या तासात येतो. सरांकडे जरा लक्ष असू द्या.”

मी म्हणाले, “जा तुम्ही बिनधास्त. ते कुठे जातात!”

हे वाक्य मी बोलले. कुणी दुसऱ्याने नाही.

विषय होता लोणचं. एका बाईने सांगितलं की सासरच्या पहिल्या वर्षी तिने कैरीच्या लोणच्यात मिठाऐवजी पिठीसाखर घातली, आणि सासऱ्यांनी ते तीन दिवस मुकाट्याने खाल्लं. मग फोनवर फोन. प्रत्येकीला आपली फजिती सांगायची होती. मी हसत होते, नावं टिपून घ्यायला मिक्सरकडे वळून बसले होते, काचेकडे माझी पाठ होती. गाणं लावायचा विचार एकदा मनात आला. पुढचा फोन घेतला. बारा वाजता समाप्तीची धून लावून मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. पाण्याची बाटली तिथेच. दार सताड उघडं.

आधी मी मागच्या मोरीत पाहिलं. मग रस्त्यावर. मग धावत जवळच्याच रेल्वे स्टेशनवर. तिथे फलाटावर इकडून तिकडे फिरले, एका बंद खोलीचं दार वाजवलं, हमालांना विचारलं, “एक सर पाहिले का, पाय ओढत चालणारे?” माझ्या पायात चपला नाहीत हे मला फलाटावर पाय भाजल्यावर कळलं. रिक्षावाल्यांपैकी एक म्हणाला, “अभी तो यहीं थे कोई बुजुर्ग.” कुठे गेले ते त्याला माहीत नव्हतं.

परत आले तर भैया आलेले होते. मी म्हणाले, “आत्ताच्या आत्ता सूचना द्या.”

त्यांची नजर भिंतीकडे गेली आणि लगेच खाली आली. भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद होता. हरवलेल्या व्यक्तीची सूचना पोलीस तक्रारीच्या प्रतीशिवाय घेतली जाणार नाही. तो नियम उगाच नव्हता. घरातून जीव वाचवून पळालेल्या एका सुनेला सासरच्यांनी आमच्या सूचनेवरून शोधून काढलं होतं, त्यानंतर मीच हट्टाने तो लावला होता. आणि मीच तो कसोशीने पाळत होते. काही महिन्यांपूर्वी एक म्हातारी आपल्या भोळसट भावाचा फोटो पदरात गुंडाळून आली होती. मी तिला पाणी दिलं, पोलीस ठाण्याचा रस्ता सांगितला आणि परत पाठवलं. ती पुन्हा आली नाही. तिचा भाऊ सापडला की नाही, मला आजही ठाऊक नाही.

“काकी, तुम्ही म्हणत असाल तर मी वाचतो,” भैया म्हणाले. “जे होईल ते बघून घेऊ.”

मी म्हणायला हवं होतं, वाचा. पण मी म्हणाले, “नको. कागद आणते.” का म्हणाले? त्या म्हातारीची लाज वाटली की काय, कोण जाणे. ठाण्यात दोन तास गेले. समोरचा हवालदार वाईट नव्हता. त्याने विचारलं, “बोलते क्या हैं?”

“हो ना.”

“हां, क्या बोलते हैं?”

“तेच. हो ना. तेवढंच बोलतात.”

त्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग त्याने मला चहा मागवला.

संध्याकाळी सहा वाजता भैयांनी सूचना वाचली. वय चौसष्ट, क्रीम रंगाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, राखाडी पँट, पायात मागून पट्टा असलेली तपकिरी चप्पल. मी बाहेरच्या बाकावर, ते बसायचे त्याच जागेवर बसून ऐकलं. लोकांच्या सूचना मीही याच स्वरात वाचायचे. ऐकणाऱ्याला त्यातून माणूस दिसत नाही, कपडे दिसतात.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आई, त्यांना तिथे न्यायचंच कशाला? तुला ते रेडिओ-बिडिओ कशाला हवंय या वयात?” मग म्हणाला, “निघतोय मी.” ह्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या डबीत तशाच होत्या. डोळ्याला डोळा लागला नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी फोन यायला लागले. कुणाला ते शनवारा दरवाज्याशी दिसले होते, कुणाला बसस्टँडवर. प्रत्येक ठिकाणी मी आणि भैया मोटरसायकलवर जात होतो. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हातारा होता, आणि तो दुसराच होता. दुपारी तापीच्या घाटावरून एकाचा फोन आला. आवाज दबलेला होता. “पायरी पे चप्पल पडी है. ब्राउन. पट्टेवाली.”

घाटावर चार-पाच माणसं घोळका करून उभी होती, मला बघून बाजूला झाली. शेवटच्या कोरड्या पायरीवर तपकिरी चपलांचा जोड. नीट जुळवून ठेवलेला, देवळाबाहेर ठेवतात तसा. मी खाली बसले. उजवी चप्पल हातात घेतली. ह्यांचा उजवा पाय ओढला जातो, त्यामुळे त्यांची चप्पल अंगठ्याजवळ झिजून पातळ झालेली. मी बोटाने चाचपलं. ही झिजलेली नव्हती. पुन्हा चाचपलं. दुसरी चाचपली. भैया विचारत होते, “काकी? काकी, काय?”

“त्यांची नाही,” मी म्हणाले, आणि मला हसू फुटलं. घाटावर, सगळ्यांसमोर. मग पाण्याकडे लक्ष गेलं. या चपला कुणाच्या तरी होत्याच की. त्या घरी अजून काही कळलं नसेल. मी माझ्यासाठी हसले होते.

तोवर माझ्या मनात एक वाईट विचार येऊन गेला होता. तो लिहायचा नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. वाटलं, संपलं असेल तर निदान कळू दे. शोधणं थांबू दे. दोन वर्षं त्यांचं जेवण, आंघोळ, रात्रीचं उठणं, सगळं केलेली मी, आणि दीड दिवसात इथवर आले.

मुलगा संध्याकाळी पोचला. त्याने शहरभर फोटो चिकटवायला घेतले. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा टॉवेल घडी करत होते. हात सवयीने थांबला, कारण ही आमची पाढ्याची वेळ. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आम्ही उलटं करतोय. सूचनेत आम्ही लोकांना सांगतोय, असा माणूस दिसला तर कळवा. दिसला तर लोक काय करतील? विचारतील, बाबा, तुम्ही बुऱ्हानपूरचे सर का? ते म्हणतील, हो ना. मग खात्रीसाठी विचारतील, की खंडव्याचे? हो ना. भुसावळचे? हो ना. माणूस चक्रावून सोडून देईल, नाहीतर भलतीकडेच नेऊन घालेल. त्यांना काहीही विचारून उपयोग नव्हता.

मी तशीच लालबागला गेले. भैयांना म्हणाले, “मला बसू द्या. मी स्वतः बोलते. लिहिलेलं नाही.”

दहाला बसले, आणि वीज गेली. इन्व्हर्टर आधीच मलूल. भैयांनी पंखा बंद केला, दिवा बंद केला, म्हणाले, “काकी, दहा-पंधरा मिनिटं निघतील. बोला.” त्या अंधाऱ्या खोलीत, गोधड्यांच्या मध्ये, मी माईक तोंडाशी ओढला.

पहिल्यांदा मी त्यांचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. लग्नात उखाण्यात घेतलं त्यानंतर आजवर घेतलं नव्हतं, ठाण्यातही कागदावर लिहून दिलं होतं. मग म्हणाले, “मी ह्यांची बायको बोलतेय. बहिणींनो, दादांनो, तुमच्याजवळ एखादा म्हातारा माणूस आला असेल, उजवा हात आखडलेला, तर त्याला काही विचारू नका. तो सगळ्याला हो म्हणतो. त्याला नाही म्हणता येत नाही. आत्ता फक्त हा रेडिओ त्याच्या कानाशी न्या. न्या हं. मी थांबते.”

मी थांबले. मग म्हणाले, “अहो, ऐकता का? मी बोलतेय. आपली पाढ्याची वेळ झाली. तेरा एके तेरा.”

गप्प बसून मनात मोजलं.

“तेरा दुणे.”

माईकपुढे गप्प राहणं फार अवघड असतं. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी त्या बिघाडात बसून राहिले. तेरा त्रिक. थांबले. तेरा चोक. थांबले. पाढा पुढे नेत राहिले. तेरा दाहे झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा भैयांनी काचेपलीकडून फोन उंच धरून मला दाखवला. त्यांना रडू आवरत नव्हतं.

फोन फोपनार गावाजवळच्या एका केळीच्या बागेतून होता. तिथवर आमचा आवाज खरखरत का होईना, पोचतो. एक बाई ओरडून बोलत होती. “अहो बाई, सव्वीस म्हने! मोबाईलवरचा रेडिओ कानाशी नेला आन् बाबा सव्वीस म्हने! दोन दिवस झाले, हो ना बिगर कायी बोलला न्हाई!”

मुलगा, भैया आणि मी, तिघं गेलो. बागेच्या कडेला एक पत्र्याची शेड, केळीचे घड उतरवून ठेवायची. आत बाजेवर हे बसले होते. अंगावर कुणाचा तरी स्वच्छ सदरा. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. मला बघून काहीच बोलले नाहीत. डाव्या हाताने माझा पदर धरला आणि मुठीत गोळा केला.

मजुरी करणारी ती बाई माझ्याच वयाची असेल. तिने सांगितलं त्यावरून जुळलं. लालबागेतून ते चालत जीप थांबतात तिथवर गेले असणार. जीपवाल्याने विचारलं असेल, फोपनार? हो ना. फाट्यावर उतरले, दिवसभर झाडाखाली बसले. मी ठाण्यात चहापुढे बसले होते तेव्हा ते तिथेच होते. संध्याकाळी कामावरून परतताना तिने बघितलं.

“मी त्याले इचारलं, बाबा, रावेरचे का? हो ना म्हने. म्हून मग मालकानं दुसऱ्या दिवशी गाडीवर रावेरले नेलं. दिवसभर फिरवलं. कोनी वळखेना. परत आनलं.” ती सांगता सांगता हसली, तोंडाला पदर लावून. “जेवता का म्हनलं तं हो ना. अजून वाढू का, हो ना. मी वाढतच जाय. शेवटी मालक म्हने, अवं बस कर, माणूस मरंल.”

मीही हसले. मग फडकं सोडलं.

चप्पल रावेरला कुठेतरी पडली होती, दिवसभर अनवाणी चालले होते. पायाला जाणीव कमी, त्यात साखर, त्यात दोन दिवस गोळ्या नाहीत. करंगळी आणि शेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं. तिने हळद भरली होती. दवाखान्यात दहा दिवस ठेवलं आणि दोन्ही बोटं काढावी लागली.

सापडले, असं सगळे म्हणाले. पेढे वाटा म्हणाले. पण दवाखान्यातून घरी आले ते पुरते मुके होऊन. पाढा म्हणायला बसवलं की भिंतीकडे बघायचे. तेरा दुणे म्हणून मी थांबायची, थांबून राहायची, उत्तर येत नव्हतं. आणि ‘हो ना’ सुद्धा गेलं. ज्या दोन शब्दांचा मला इतका वैताग यायचा, ते ऐकायला मी त्यांना दिवसभर मुद्दाम प्रश्न विचारत राहायचे. पाणी देऊ? ऊन लागतंय? मी वाईट आहे का? ते माझ्याकडे शांतपणे बघायचे. झोपेतही पदर सोडायचे नाहीत.

मुलगा जाताना दारात म्हणाला, “आई, फोनवर मी बोलून गेलो ते…”

“बरोबरच बोललास,” मी म्हणाले. तो ‘नाही’ म्हणेल असं वाटलं होतं. तो वाकून पाया पडला आणि गेला.

केंद्राच्या किल्ल्या मी भैयांकडे पाठवून दिल्या. त्यांनी दोनदा निरोप धाडला, काकी, आठवड्यातून एक दिवस तरी या, घरून मोबाईलवर बोला हवं तर. मी उत्तर दिलं नाही. अकरा वाजले की रेडिओ लावतही नाही.

पुढे एकदा फोपनारची ती बाई घर विचारत विचारत बुधवाऱ्यात आली. पिशवीत पिकलेल्या केळ्यांच्या दोन फण्या. पायऱ्यांशी चपला काढून आत आली आणि सरळ ह्यांच्या पायाशी बसली. दोन बोटं नसलेला पाय मांडीवर घेऊन दाबायला लागली. “बाबा, वळखलं का मले?” ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी चहा ठेवला. तिने बशीत ओतून प्यायला, आणि मला म्हणाली, “तुमचा आवाज येत न्हाई आता रेडिओवर. बागेत आमी सगळ्या इचारतो. कधी येसान?”

“बघू,” मी म्हणाले.

पाचची जीप चुकेल म्हणून ती घाईने उठली. तिला रस्त्यापर्यंत तरी सोडायला जायला हवं होतं. मी दारातूनच हात केला. ह्यांना एकटं ठेवून मी आता उंबऱ्याबाहेर पडत नाही.